आधीचं हृदय

मराठीत धडधड हा शब्द भीतीच्या घरचा आहे. निकालाच्या दिवशी छाती धडधडते, अपरात्री फोन वाजला की काळजात धस्स होतं, घरातलं कुणी वेळेवर परतलं नाही की जीव टांगणीला लागतो. हृदयाच्या ठोक्यांविषयी बोलायची आपली बहुतेक भाषा मनाच्या अवस्थांनी भरलेली आहे. म्हणून सातव्या महिन्यातली एखादी बाई ‘छातीत धडधडतंय’ म्हणते, तेव्हा ऐकणारी व्यक्ती तिचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच त्याचा अर्थ लावून मोकळी होते: घाबरली आहे. उत्तरही ठरलेलं असतं. ‘अगं, घाबरू नकोस, या दिवसांत असं होतंच.’ हे उत्तर मायेनं दिलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही निघतं. तरीही मला त्याच्याशी भांडायचं आहे. ते खरं आहे की नाही हे ठरवायला दोन-चार प्रश्न विचारावे लागतात, एक मिनिट मनगटावर बोटं ठेवावी लागतात, आणि ते काहीच न करता हे उत्तर दिलं जातं. ‘होतंच’ हे चौकशीच्या शेवटी म्हणायचं वाक्य आहे. आपण ते चौकशीच्या जागी म्हणतो.

आधी त्या उत्तरातला खरेपणा नीट पाहायला हवा, कारण तो थोडाथोडका नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला जितकं रक्त पुढे ढकलतं, तेही ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे एरवी ५ लिटरच्या आसपास असलेलं काम ७ लिटरच्या घरात जातं. दिवस भरत येतात तेव्हा यातलं दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त एकट्या गर्भाशयाकडे जात असतं. हा वाढीव बोजा हृदय दोन प्रकारे पेलतं. सुरुवातीला प्रत्येक ठोक्यात थोडं जास्त रक्त ढकलतं, आणि पुढे पुढे ठोकेच वाढवतं. नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते. १५ धरले तरी दिवसाचे २१,६०० ठोके जास्तीचे झाले, आणि ते झोपेतसुद्धा. पोट वाढतं तसा छाती आणि पोटामधला पडदा वर सरकतो, हृदय थोडं वर आणि डावीकडे कलतं. रात्री घर शांत झालं, पंख्याची घरघर तेवढी उरली, आणि ती डाव्या कुशीवर वळली की उशीला टेकलेल्या कानात तिचंच रक्त वाजू लागतं. दिवसभराच्या गडबडीत हा आवाज दबलेला असतो. आजाराची खूण म्हणून त्याच्याकडे पाहायचं कारण नाही. एक शरीर दोघांचा संसार चालवू लागलं की तो ऐकू यायचाच.

डोहाळे हा आपला घरगुती शब्द या गोष्टीशी जितका जवळचा आहे, तितका तो आपल्या ध्यानात राहिलेला नाही. त्याचा संबंध संस्कृतातल्या दौहृदाशी सांगतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून गर्भिणी दोन हृदयांची होते, तिला दौहृदिनी म्हणतात. तिच्या इच्छा पुरवायच्या त्या त्या दुसऱ्या हृदयासाठी. आज आपल्याला ठाऊक आहे की गर्भाचं हृदय याच्या खूप आधी, गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यातच हलू लागतं, पण भाव तोच टिकून आहे. सोनोग्राफीच्या खोलीत ते घाईघाईचे ठोके, मिनिटाला ११० ते १६०, ऐकू आले की सोबत आलेल्यांचे चेहरे उजळतात. घरी आल्यावर सासूबाई विचारतात, ‘ठोके नीट आहेत ना बाळाचे?’ हा प्रश्न योग्यच आहे. मला खटकतं ते इतकंच की दोन हृदयांतलं जे आधीचं आहे, ज्याच्या बळावर दुसरं चालतं, त्याचा आकडा कुणी विचारत नाही. ते आईचं हृदय आहे, म्हणजे ते सोसणारच, असं आपण धरून चालतो.

आता तिचं सांगणं ऐकू. धडधड हा शब्द एकच असला तरी बायका त्याच्या पुढेमागे जे जोडतात, त्यात सगळा फरक असतो. ‘जिना चढून आले की धडधडतं, बसलं की हळूहळू निवतं’ हे एक. यात हृदयाची लय तिची नेहमीचीच असते, फक्त गती वाढलेली. ‘मधेच एक ठोका चुकतो आणि मग धाडकन पडतो’ हे दुसरं, आणि यात जे घडतं ते आपल्या समजुतीच्या उलट असतं. ठोका चुकलेला नसतो. एक ठोका वेळेआधी पडून गेलेला असतो. त्या घटकेला हृदय पुरतं भरलेलंच नसतं, म्हणून तो मनगटापर्यंत पोचतही नाही. मग थोडी उसंत मिळते, त्या उसंतीत हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा अगदी रीतसर ठोका छातीवर आतून बुक्की बसावी तसा लागतो. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवून पाहिलं तर हे सरळ हाताला कळतं: टप, टप, टप, मग मोकळी जागा, मग एक ठसठशीत टप. म्हणजे जो ठोका सगळ्यांत भयंकर वाटतो, तो निरोगी असतो. निरोगी हृदयात असे अधूनमधून येणारे अवेळी ठोके फार आढळतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात.

तिसरं सांगणं वेगळं आहे. ‘काहीच करत नव्हते, भाजी निवडत बसले होते. एकदम सुरू झालं, मोजता येईना इतकं, आणि बटण दाबल्यासारखं एकदम थांबलं.’ इथे हृदयातल्या विद्युतसंदेशाला एखादी जादा वाट सापडलेली असू शकते. तो पुढे जाऊन विझण्याऐवजी गोल फिरत राहतो आणि नाडी १५० ते २०० च्या घरात जाते. हा त्रास आधीपासून असेल तर गरोदरपणात वाढू शकतो, आणि काहींना तो पहिल्यांदा याच दिवसांत गाठतो. चौथ्या प्रकारात नाडीला काही धरबंधच राहत नाही, दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी निराळं. त्यामागे झडपेचा आजार किंवा थायरॉइडचा अतिरेक असण्याची शक्यता असते. या चारही बायका आपल्या भाषेत ‘धडधडतंय’ एवढंच म्हणतील, आणि चौघींना एकच उत्तर मिळेल.

२४ तास अंगावर बाळगायच्या होल्टर यंत्रानं इथे एक मोठी गोष्ट शिकवली आहे. ज्या क्षणी बाईला धडधड जाणवली त्या क्षणाची नोंद काढून पाहिली, तर पुष्कळदा लय साधीच असते. आणि उलटही होतं: नोंदीत अवेळी ठोके दिसतात, पण बाईला त्यांचा पत्ताही नसतो. पहिल्या अर्ध्या भागाचा आधार घेऊन कुणी म्हणेल, बघा, हे मनाचेच खेळ. पण दुसरा अर्धा भागही तितकाच खरा आहे. जाणवण्यावरून निदान होत नाही, हे तिच्या भीतीला लागू आहे तसंच आपल्या निर्धास्तपणालाही लागू आहे. बाहेरून दिलेला धीर हीसुद्धा एक भावनाच असते, आणि तिच्या हातात तपासणीचा कागद नसतो.

‘सगळ्यांनाच होतं’ हा यातला सर्वांत बळकट युक्तिवाद. सगळ्यांना होतं, म्हणून त्यात काही नाही. पण आपल्याकडे सगळ्यांना आणखी एक गोष्ट असते: अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्राचा आकडाही ४० टक्क्यांच्या वरचाच होता. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरतंच. म्हणून तर या दिवसांतली मर्यादा १२ ऐवजी ११ ग्रॅमची धरली आहे. पण ते ८ वर आलं, तर रक्ताच्या प्रत्येक खेपेत प्राणवायू कमी जातो आणि कमी पडलेला माल पोचवायला हृदयाला खेपा वाढवाव्या लागतात. त्या वाढलेल्या खेपा म्हणजेच ती धडधड. तिला ‘होतंच’ म्हणणं म्हणजे निम्म्या गावाच्या विहिरी आटल्या म्हणून पाणी नसणं हीच रीत मानण्यासारखं आहे.

याचा एक दाखला मुंबईतलाच आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांमध्ये एक तीव्र रक्तक्षय वरचेवर दिसत होता. विल्सनं त्या बायका काय खातात ते पाहिलं, परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं की यीस्टचा अर्क दिला की हा आजार बरा होतो. त्या अर्कात जे काही होतं, त्याला काही वर्षं विल्स घटक असंच म्हटलं जात होतं. तेच पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. आज आशाताई घरी आणून देतात त्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळीत परळच्या त्या कामाचा अंश आहे. गरीब बाळंतिणींना रक्तक्षय व्हायचाच, असं तेव्हाही म्हणता आलं असतं. गोष्ट सर्रास दिसते, हेच विल्सला चौकशीचं कारण वाटलं. ती गोळी रोज एक, १८० दिवस घ्यायची असते. तिनं शौच काळी होते, मळमळतं, पोट जड होतं, म्हणून कित्येकींची पाकिटं फळीवर तशीच राहतात. आणि घेतली तरी चहासोबत घेतली तर लोह पुरतं अंगी लागत नाही. धडधडीची तक्रार आली की सर्वांत आधी त्या फळीकडे पाहावं, असं मला वाटतं.

रक्तक्षय निदान दिसतो. डोळ्याची खालची पापणी ओढली की फिकटपणा कळतो. दुसरं कारण आत लपलेलं असतं. लहानपणी घसा सुजून येणाऱ्या संधिवाताच्या तापानं हृदयाची मायट्रल झडप जखमी होते, वर्षानुवर्षं जाड होत जाते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात. निरोगी झडपेची वाट ४ ते ६ चौरस सेंटीमीटरची असते. आजारात ती दीडाच्याही खाली येते. मुलगी मोठी होते, लग्न होतं, घर-शेत सगळं रेटते, आणि दम लागला तर कामाचा शीण समजते. मग दिवस जातात. मिनिटाला ७५ ठोके असतील, तर एका ठोक्याचा फेरा ०.८ सेकंदांचा, त्यातले सुमारे ०.५ सेकंद हृदय भरण्यासाठी असतात. ठोके १२० वर गेले की आख्खा फेराच ०.५ सेकंदांचा होतो आणि भरायला त्याच्या निम्माही वेळ धड उरत नाही. झडप मोकळी असेल तर तेवढ्यात भागतं. अरुंद झडपेतून तेवढ्यात रक्त उतरत नाही. ते मागे तुंबतं, फुफ्फुसांत पाणी साचतं, आणि बाई रात्री उशीवर उठून बसते. तेच १२० ठोके धावून आलेल्या निरोगी बाईला काही करत नाहीत. म्हणून धडधडीचा आकडा एकटा पाहून उपयोग नसतो. तो कुणाच्या छातीतला आहे, हे आधी पाहावं लागतं. अशी झडप गरोदरपणातही फुग्यानं रुंद करता येते, पण त्यासाठी ती आहे हे कळायला हवं. अनेकींच्या बाबतीत ते पहिल्यांदा याच दिवसांत कळतं, एखाद्या डॉक्टरनं धडधड ऐकून छातीला नळी लावली म्हणून.

यावर एक आक्षेप असा की असं सगळं सांगून गरोदर बाईला आणखी घाबरवायचं का? भीतीनंही नाडी वाढतेच की. आक्षेप मोलाचा आहे. पण भीती वाढते ती अर्धवट माहितीनं आणि न विचारण्यानं. ‘काही नाही गं’ ऐकूनही ज्या बाईची धडधड थांबत नाही, ती रात्री एकटीच छातीवर हात ठेवून बाळाला काही होत नसेल ना, याचा हिशेब करत असते. तिची नाडी मोजली, हिमोग्लोबिन पाहिलं, एक ईसीजी काढला, आणि मग सांगितलं की हे अवेळी ठोके आहेत, बाळाला त्यांचा धोका नाही, तर तो धीर टिकतो. आणि सगळं पाहून झाल्यावर काळजी हेच कारण निघालं, तर तेही कारणच आहे. कसली काळजी, हे विचारायला नको का? घरात मुलगाच हवा म्हणून टोचणी असेल, आधीचा गर्भ गेलेला असेल, नवऱ्याचा हात उठत असेल.

दुसरा आक्षेप औषधांचा: हृदयाचं औषध बाळाला बाधेल, म्हणून सोसावं. काही औषधं टाळतातच. अटेनोलॉलनं बाळाची वाढ खुंटू शकते, अमिओडारोन बाळाच्या थायरॉइडला बाधू शकतं. पण अटेनोलॉलच्याच गटातलं मेटोप्रोलॉल लागेल तिथे देता येतं. एकदम सुरू होणाऱ्या झपाट्याच्या धडधडीला शिरेतून देतात ते अडेनोसिन १० सेकंदांच्या आतच रक्तात निम्मं होऊन जातं. ते बाळापर्यंत पोचण्याइतकं टिकत नाही. प्राणावर बेतलं तर विजेचा झटकाही कोणत्याही महिन्यात देता येतो. ईसीजीबद्दल तर गैरसमजच जास्त. ते यंत्र अंगात वीज सोडत नाही, हृदयातली वीज फक्त वाचतं, आणि इको म्हणजे बाळासाठी केलेल्या सोनोग्राफीसारख्याच ध्वनिलहरी. घातक ठरतं ते आधीपासून चालू असलेलं औषध दिवस गेल्याचं कळताच घरच्या सल्ल्यानं बंद करणं.

‘आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, आम्ही नाही झालो बाळंत?’ हा तिसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत दुखरा वाटतो, कारण जी त्या वेळी बाळंतपणात गेली ती हे सांगायला येत नाही. १९९७-९८ मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गावर मात होत गेली की हृदयविकाराचा वाटा उघडा पडतो. ब्रिटनमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते, आणि तिथे आज हृदयविकार हे मातामृत्यूंच्या आघाडीच्या कारणांपैकी एक आहे. विश्रांतीतही न उतरणारी वेगवान नाडी आणि आडवं होताच लागणारा दम या खुणा कधीही दुर्लक्षू नका, असं त्या चौकश्यांनी बजावलं आहे.

मग तिनं करायचं काय? धडधड सुरू झाली की हातातलं काम ठेवून बसावं किंवा डाव्या कुशीवर निजावं. पाठीवर निजलं की पोटाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. पाणी प्यावं. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. १५ सेकंद मोजून ४ नं गुणलं की अनियमित नाडीत फसगत होते. कशी सुरू झाली, किती वेळ चालली, कशी थांबली, हे लिहून ठेवावं. एकदम सुरू होणारी धडधड असेल, तर डॉक्टर श्वास कोंडून जोर लावायची एक रीत शिकवतात, ती कामी येते. चहा-कॉफी बंद करायची गरज नसते, बेतानं घ्यायची असते. मिश्री मात्र सोडायलाच हवी. तिच्यातलं निकोटिन नाडी वाढवतं, आणि मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. आणि चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं, आडवं होता येईना इतका दम लागला, खोकल्यात रक्त आलं, किंवा बसूनही ठोके उतरेनात, तर सकाळ व्हायची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. बाळंतपणानंतरही हे लागू आहे, कारण हृदयाचा स्नायू दुर्बळ होण्याचा एक आजार शेवटच्या महिन्यापासून बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत गाठू शकतो, आणि तेव्हा तर घरातल्या सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे असतं.

इतक्या सगळ्या बायकांचे ईसीजी काढायला सरकारी दवाखान्यांना परवडेल का, असं विचारलं जाईल. सगळ्यांचे काढायचेच नाहीत. कुणाचे काढायचे हे ठरवायला मनगट आणि घड्याळ लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची तपासणी असते. लांबच लांब रांग असते, बाकावर जागा नसते, नर्सबाईंच्या हाताला उसंत नसते. पुढे सरकणाऱ्या प्रत्येकीच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड असतं, घड्या पडलेलं, कडा मऊ झालेलं. त्यात प्रत्येक खेपेच्या तपासणीसाठी वजन आणि रक्तदाबासोबत नाडीचाही रकाना आहे, आणि तक्रारीचाही. वजन लिहिलं जातं, कारण काटा समोर असतो. रक्तदाब लिहिला जातो, कारण पट्टा बांधलेला असतो. नाडीसाठी फक्त तिचा हात हातात घेऊन एक मिनिट गप्प राहावं लागतं.